व्हिडिओ कॅमेऱ्याला बाहेरचा माईक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्र जरा अंधारं आलं तरी लोक व्हिडिओ बघतात. बोलणं कळेनासं झालं की पुढे सरकतात. असं असूनही कॅमेरा, लेन्स, ट्रायपॉड, दिवे असं सगळं घेऊन झाल्यावर उरलेल्या पैशांत माईक येतो. त्या टप्प्यावर नेहमी पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

कॅमेऱ्यात माईक आहेच की. मग वेगळा कशाला?

कारण तो चुकीच्या जागी आहे आणि ती जागा तुम्हाला बदलता येत नाही. कॅमेरा बोलणाऱ्यापासून दोन-तीन मीटरवर उभा असतो, त्यामुळे आतला माईकही तिथूनच ऐकतो. शिवाय तो यंत्रालाच चिकटलेला असतो. लेन्सची फोकस मोटर, झूमची किरकिर, बटणांची टकटक, गळ्यातल्या पट्ट्याची कडी घासल्याचा आवाज हे सगळं त्याला बोलणाऱ्या माणसापेक्षा जास्त जवळ. तो बहुधा चहूबाजूंनी ऐकतो, म्हणजे कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या तुमचा श्वाससुद्धा तो इमानेइतबारे नोंदवतो.

तरी तो अगदीच टाकाऊ नाही. आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलात तर नंतर जुळवणी करताना याच माईकचा ट्रॅक कामी येतो. तेव्हा तो बंद करून टाकू नका.

चांगला, महागाचा माईक घेतला की प्रश्न सुटला ना?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज ६ डेसिबलने पडतो. ३० सेंटीमीटरवरचा माईक ३ मीटरवर नेला, म्हणजे अंतर दहापट केलं, की २० डेसिबल गेले. खोलीत एक भानगड आणखी असते. भिंती, छत, फरशी यांवरून परतून आलेला आवाज खोलीभर साधारण सारखाच पसरलेला असतो, तो अंतराने फारसा कमी होत नाही. म्हणून माईक जसजसा लांब जातो तसतसं बोलणं बारीक होतं आणि घुमणं तेवढंच राहतं. मग आपण गेन, म्हणजे माईकचा सिग्नल किती मोठा करून घ्यायचा ते प्रमाण, वाढवतो. त्याने बोलणं वर येतं, पण घुमणं, पंखा, रस्त्यावरचे हॉर्न हेही त्याच्याबरोबर तेवढेच वर येतात. दोघांमधलं प्रमाण गेनने बदलत नाही. ते फक्त अंतराने बदलतं.

म्हणूनच तोंडापासून वीतभर अंतरावर लावलेला साधा वायरचा कॉलर माईक, कॅमेऱ्यावर तीन मीटर लांब बसवलेल्या भारी माईकला सहज हरवतो. माईक निवडताना ‘हा किती चांगला आहे’ याआधी ‘हा मला तोंडाच्या किती जवळ नेता येईल’ हे विचारा.

पण शॉटगन माईक लांबचा आवाज खेचून घेतो ना?

खेचून कोणताच माईक घेत नाही. शॉटगन फक्त बाजूचे आवाज कमी करतो, समोरचा आवाज आहे तेवढाच ठेवतो. गोष्ट वरवर सारखी वाटते, पण सगळा गैरसमज इथेच आहे.

त्याची रचना बघा. आतल्या कॅप्सूलच्या, म्हणजे आवाज पकडणाऱ्या भागाच्या, पुढे एक लांब नळी असते आणि तिच्या अंगाला फटी असतात. समोरून येणारा आवाज नळीच्या तोंडातून आणि फटींमधून कॅप्सूलपाशी एकाच वेळी पोहोचतो, त्यामुळे तो शाबूत राहतो. बाजूचा आवाज वेगवेगळ्या फटींतून मागेपुढे पोहोचतो आणि त्याच्या लहरी एकमेकींना खोडतात. मात्र हे खोडणं नळीच्या लांबीवर अवलंबून असतं. १०० हर्ट्झच्या आवाजाची एक लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिला २५ सेंटीमीटरची नळी काय अडवणार? म्हणून वाहनांची घरघर, जनरेटरची गुरगुर हे खालच्या पट्टीतले आवाज शॉटगन लावूनही बरेचसे येतातच.

बंद, लहान, उघड्या भिंतींच्या खोलीत तर शॉटगन कधीकधी त्रासच देतो. भिंतींवरून बाजूने परतणारा आवाज नळीत अर्धवट खोडला जातो आणि बोलणं पोकळ, डब्यातून आल्यासारखं लागतं. अशा खोलीत नळी नसलेला, आखूड सुपरकार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माईक जास्त नैसर्गिक आवाज देतो. सेनहायझरचा एमकेएच ४१६ चित्रपटवाल्यांच्या हातात कित्येक वर्षं आहे हे खरं, पण तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवून नव्हे. बूमच्या काठीला लावून, नटाच्या डोक्यावर फ्रेमच्या अगदी कडेपर्यंत खाली आणून तो वापरतात. त्याच्या नावलौकिकात काठी धरणाऱ्याचाही वाटा आहे.

मग कॅमेऱ्यावर लावायचा छोटा शॉटगन घ्यायचाच नाही का?

घ्या, पण त्याची मर्यादा ओळखून. हातभर अंतरावर कॅमेरा धरून स्वतःच बोलत असाल, किंवा धावपळीत कुणाला माईक लावायला वेळच नसेल, तर तो उत्तम. साधारण एक मीटरपर्यंत त्याचा फायदा स्पष्ट जाणवतो. त्यापुढे तो कॅमेऱ्यातल्या माईकपेक्षा बरा, एवढंच.

एक युक्ती: कॅमेरा लांब ठेवायचा असेल तर हाच माईक कॅमेऱ्यावरून काढा, एक्स्टेन्शन वायर जोडा आणि स्टँडवर लावून बोलणाऱ्याजवळ न्या. फ्रेमच्या वरून, तोंडाकडे तिरका रोखून धरा. वरून खाली रोखल्यावर माईकच्या समोर तोंडामागे जमीन येते आणि लांबचे आवाज कमी येतात. खालून वर रोखलात तर छत किंवा विमानं ऐकू येतील.

पहिला माईक कोणता घ्यावा?

एकच माणूस बसून किंवा उभा राहून बोलणार असेल तर वायरचा कॉलर माईक. बिघडण्यासारखं त्यात जवळजवळ काही नाही, बहुतेकांना वेगळी बॅटरी लागत नाही आणि सिग्नल तुटत नाही. चालत-फिरत बोलायचं असेल तर वायरलेस. कोण बोलेल, कुठून बोलेल हे आधी माहीतच नसेल तर छोटा शॉटगन. ‘सगळ्यासाठी एक’ असा माईक नसतो.

कॉलर माईक नेमका कुठे लावायचा?

नाव कॉलरचं असलं तरी कॉलर ही त्याची सर्वांत चांगली जागा नव्हे. गळ्याच्या अगदी जवळ लावला की हनुवटीच्या आडोशाला जातो आणि आवाज दबका येतो. हनुवटीखाली एक वीत, छातीच्या मधोमध, हाडावर, ही जागा बरी. शर्टाच्या बटणपट्टीवर लागला तर आपोआप मध्यावर येतो. एका बाजूच्या कॉलरवर लावलात आणि माणूस दुसऱ्या बाजूला बघून बोलायला लागला, की आवाज पडतो. म्हणून एका बाजूला लावणं भागच असेल तर ज्या बाजूला तो बघणार आहे ती बाजू धरा.

बहुतेक कॉलर माईक चहूबाजूंनी ऐकणारे असतात. त्यामुळे त्याचं तोंड वर आहे की खाली याने फारसा फरक पडत नाही. उलट जोरात श्वास सोडणारा माणूस असेल तर तोंड खाली करून लावणं फायद्याचं ठरतं.

खरा शत्रू कापड. कडक इस्त्रीचं सुती, रेशीम, नायलॉन यांची सळसळ माईक मोठ्या आवडीने पकडतो. साखळ्या, ओढणी, मोकळे केस आणि ओळखपत्राची दोरी यांच्यापासून तो लांब ठेवा. क्लिपखाली वायरचा एक छोटा वळसा घेऊन तो चिकटपट्टीने कपड्याच्या आतल्या बाजूला पक्का करा, म्हणजे वायर ओढली गेली तरी धक्का माईकपर्यंत जात नाही. कपड्याखाली लपवायचा असेल तर माईकच्या दोन्ही बाजूंना त्वचेला चालणारी चिकटपट्टी लावून तो कापडाशी जखडा. कापड आणि माईक एकत्र हलले तर घासत नाहीत, वेगवेगळे हलले की खरखर सुरू. आणि लावून झाल्यावर माणसाला मान वळवायला, हात वर करायला, पुढे वाकायला सांगा. नुसतं ‘एक, दोन, तीन’ म्हणवून घेण्यात अर्थ नसतो, कारण त्या वेळी सगळे पुतळ्यासारखे बसतात.

वायरलेस माईकचा आवाज मधूनच तुटतो. का?

हल्लीचे छोटे क्लिपचे वायरलेस संच बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फाय आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात गर्दी करून असतात. त्यात माणसाचं शरीर, म्हणजे बरंचसं पाणी, या लहरी शोषून घेतं. ट्रान्समीटर छातीवर आणि माणूस कॅमेऱ्याकडे पाठ करून चालतोय, तर मध्ये अख्खं धड आलं. गंमत म्हणजे हा त्रास मोकळ्या मैदानात जास्त जाणवतो. खोलीत लहरी भिंतींवरून परतून दुसऱ्या वाटेने पोहोचतात, मैदानात परतायला काही नसतं. खोक्यावर छापलेलं शेकडो मीटरचं अंतर हे मध्ये काहीही आड न येता मोजलेलं असतं.

उपाय साधे आहेत. रिसीव्हर कॅमेऱ्यावर उंच, उघडा ठेवा, बॅगेत किंवा धातूच्या पिंजऱ्यामागे नको. पाठमोरं चालायचं असेल तर ट्रान्समीटर पाठीकडे लावा आणि कॉलर माईकची वायर पुढे आणा. जवळच्या फोनचं हॉटस्पॉट बंद करा. काही संचांचा ट्रान्समीटर स्वतःच्या आतही आवाज साठवतो. ही सोय असलेला संच मिळत असेल तर बाकीच्या दहा फीचर्सपेक्षा ती महत्त्वाची माना. हवेत तुटलेलं वाक्य त्या आतल्या फाइलमध्ये शाबूत असतं.

व्यावसायिक लोक यूएचएफ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या खालच्या रेडिओ पट्ट्यातले संच वापरतात. ते गर्दीत जास्त भरवशाचे असतात, पण कोणत्या फ्रिक्वेन्सी परवान्याशिवाय चालतात हे प्रत्येक देशात वेगळं असतं, ते घेण्याआधी पाहून घ्या.

माईक लावला, पण कॅमेऱ्यात आवाजच येत नाही.

आधी पिन बघा. ३.५ मिलिमीटरच्या पिनेवर दोन रेघा असतील तर ती टीआरएस, कॅमेऱ्यासाठीची. तीन रेघा असतील तर टीआरआरएस, फोनच्या हेडसेट जॅकसाठीची. दोन्ही एकमेकींच्या भोकात व्यवस्थित बसतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. फोनसाठीचा माईक कॅमेऱ्याला किंवा उलट जोडायचा तर मध्ये योग्य अडॅप्टर लागतो, आणि तोही दिशेप्रमाणे वेगळा असतो. काही माईकबरोबर दोन्ही प्रकारच्या वायरी येतात, त्या सारख्याच दिसतात. घरी आल्याआल्या त्यांवर खुणा करून ठेवा.

पिन बरोबर असेल तर माईकचं बटण बघा. बहुतेक कॅमेऱ्यांत बाहेरची पिन घातली की आतला माईक आपोआप बंद होतो. बाहेरचा माईक चालू करायचा राहिला, किंवा त्याची बॅटरी संपली, तर मागे पडायला दुसरा माईकच नसतो आणि फाइलमध्ये नुसती शांतता मिळते. पिन अर्धवट बसलेली असणं हे तिसरं कारण. आणि कॅमेऱ्याचा हेडफोनचा जॅकही अगदी तसाच असतो, त्यात माईक घातला तर काहीच होत नाही.

प्लग-इन पॉवर आणि फँटम पॉवर एकच का?

मुळीच नाही. छोट्या कॉलर माईकमधली इलेक्ट्रेट कॅप्सूल चालायला थोडी वीज लागते. कॅमेऱ्याच्या ३.५ मिलिमीटर जॅकमधून मिळणारे काही थोडे व्होल्ट, म्हणजे प्लग-इन पॉवर, तेवढ्याला पुरतात. हा इलेक्ट्रेट माईक १९६२ मध्ये बेल लॅब्समध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी घडवला. आजचा कॉलर माईक इतका लहान आणि आवाक्यातला आहे तो त्यामुळे.

फँटम पॉवर म्हणजे ४८ व्होल्ट, एक्सएलआर या तीन पिनांच्या गोल जोडणीतून मिळणारे. स्टुडिओतले कंडेन्सर माईक आणि मोठे शॉटगन त्यावर चालतात. असा माईक नुसती पिन बदलून ३.५ मिलिमीटरच्या जॅकला जोडला तर तो जागाच होत नाही. काहींच्या पोटात सेल घालायची सोय असते, ते चालतात. नसेल तर मध्ये फँटम देणारा अडॅप्टर किंवा रेकॉर्डर हवा.

एक्सएलआरचा एवढा बोलबाला का?

लांब वायरीसाठी. त्यात तीन पिना असतात: एक ग्राउंड आणि दोन सिग्नलच्या, एकमेकींच्या उलट. वाटेत विजेच्या तारांची गुणगुण वायरीत शिरली तर ती दोन्हींत सारखीच शिरते. पलीकडचं यंत्र दोन्हींमधला फरक घेतं, त्यात सिग्नल उरतो आणि गुणगुण वजा होते. ३.५ मिलिमीटरच्या साध्या जोडणीत ही सोय नसते. दीड-दोन मीटरच्या वायरीला त्याने काही बिघडत नाही. वायर दहा मीटर झाली आणि शेजारून दिव्यांच्या केबल गेल्या, की फरक कळतो. पीळ पडून न सुटणारी पक्की कडी, हा एक्सएलआरचा दुसरा, कमी बोलला जाणारा गुण.

स्टेजवर वापरतात तो डायनॅमिक माईक कॅमेऱ्याला चालेल?

चालेल, पण तोंडाशी धरावा लागेल. शुअरचा एसएम५८ हा १९६६ पासूनचा, दणकट म्हणून प्रसिद्ध असलेला माईक. पण त्याचं आउटपुट कमी असतं. कॅमेऱ्याचा प्रीअँप, म्हणजे माईकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग, त्याला पुरेसा वर उचलताना सूं-सूं करायला लागतो. गर्दीत, रस्त्यावर, हातात माईक धरून मुलाखत घ्यायची असेल तर मात्र डायनॅमिकसारखा माईक नाही, कारण तोंडाशी धरल्यामुळे आसपासचं सगळं मागे पडतं.

आवाजात सतत सूं-सूं येते. माईक खराब आहे का?

बहुधा माईक ठीक असतो. सूं-सूं कॅमेऱ्याच्या आतल्या प्रीअँपची असते, कारण कॅमेरा बनवणाऱ्याने खर्च चित्रावर केलेला असतो. कॅमेऱ्याला कमीत कमी काम द्या: माईकवर किंवा रिसीव्हरवर आउटपुट वाढवायची सोय असेल (काही शॉटगनवर +२० डेसिबलचं बटण असतं) तर ती वापरा आणि कॅमेऱ्याचा गेन जवळजवळ तळाला आणा. मजबूत सिग्नल आला की कॅमेऱ्याला तो फारसा फुगवावा लागत नाही. फक्त +२० लावून मोठ्याने बोलणाऱ्याचा आवाज फाटत नाही ना, हे ऐकून घ्या.

गेन ऑटो ठेवायचा की हाताने?

हाताने. ऑटो गेन म्हणजे बोलणं थांबलं की ‘आवाज कमी झाला’ असं समजून गेन वाढवणारी व्यवस्था. दोन वाक्यांच्या मधल्या शांततेत पंखा, एसी, सूं-सूं हळूहळू फुगत जाते आणि पुढचा शब्द उच्चारला की धपकन बसते. एकदा कान तिकडे गेला की ते विसरता येत नाही, आणि संपादनात ते नीट करणं फार कटकटीचं असतं.

हाताने लावताना बोलणाऱ्याला नेहमीच्या जोरात अर्धा मिनिट बोलू द्या. मीटरवर बोलण्याची टोकं –१२ डेसिबलच्या आसपास यावीत, जोशात आला की –६ पर्यंत. ० ही छत आहे, तिथे आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. लोक चाचणीला बारीक बोलतात आणि शूटिंग सुरू झाल्यावर मोठ्याने, हे गृहीत धरून थोडी जागा ठेवा. २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल तर आवाज जरा बारीक आला तरी नंतर सुखाने वाढवता येतो. काही संचांत ‘सेफ्टी ट्रॅक’ असतो. तोच आवाज दुसऱ्या ट्रॅकवर काही डेसिबल खाली नोंदवला जातो. हसणारे, ओरडणारे, टाळ्या वाजवणारे लोक असतील तर तो चालू ठेवा.

सॅम्पल रेट, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती मोजमापं घ्यायची तो आकडा, ४८ किलोहर्ट्झ ठेवा. व्हिडिओची रूढी तीच.

हेडफोन लागतातच का? मीटर दिसतोय की.

मीटर किती आवाज आहे ते सांगतो, कसला आहे ते नाही. कापडाची सळसळ, वायरीची खरखर, फ्रीज, मोबाइलची ‘टरर्र-टर्र’ हे सगळं मीटरवर बोलण्यासारखंच हिरवं नाचतं. कान पूर्ण झाकणारे साधे वायरचे हेडफोन घ्या. ब्लूटूथचे नकोत, त्यात आवाज उशिरा पोहोचतो आणि ओठांशी जुळत नाही. कॅमेऱ्याला हेडफोनचा जॅकच नसेल तर रिसीव्हरला आहे का बघा. तोही नसेल तर दर काही मिनिटांनी तुकडा रेकॉर्ड करून परत ऐका. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

वाऱ्याचा भडभड आवाज कसा घालवायचा?

नंतर घालवता येत नाही, आधीच अडवावा लागतो. माईकबरोबर येणारी स्पंजची टोपी घरातली आहे. ती ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटणारा झोत अडवते, वारा नाही. बाहेर लांब केसांचं फरचं कव्हर लागतं. केसांमध्ये वाऱ्याचा वेग मोडतो आणि कॅप्सूलपाशी हवा शांत राहते. कॉलर माईकसाठीही नखाएवढी फरची टोपी मिळते. ती ओली झाली किंवा केस चिकटून बसले की तिचा उपयोग उरत नाही, म्हणून अधूनमधून विंचरून घ्या. (हो, खरंच.) फार वारा असेल तर शॉटगनला पूर्ण झाकणारा पिंजरा आणि त्यावर फर, असा दुहेरी बंदोबस्त करतात.

माईकवरचं लो-कट बटण, म्हणजे साधारण ८० हर्ट्झखालचं कापणारं, बाहेर लावूनच ठेवा. बोलण्याचं त्यात जवळजवळ काही जात नाही. आणि बोलणाऱ्याला वाऱ्याकडे पाठ करून उभं करणं हा फुकटचा उपाय आहे.

आवाज फक्त एकाच कानात येतो.

मोनो माईकची पिन स्टिरिओ जॅकमध्ये घातली की तो डाव्या चॅनेलवरच बसतो. काही बिघडलेलं नाही. संपादनात तो चॅनेल दोन्हीकडे घ्या, किंवा ट्रॅकच मोनो करा. दोन ट्रान्समीटरच्या वायरलेस संचात मात्र एक माणूस डावीकडे आणि एक उजवीकडे अशी मांडणी मुद्दाम केलेली असू शकते. ती चांगलीच असते, दोघांची पातळी वेगवेगळी करता येते. फक्त शेवटची फाइल काढण्याआधी दोघांनाही मधे आणायला विसरू नका.

दोन-तीन जण गप्पा मारणार आहेत. काय करावं?

प्रत्येकाला एक माईक. एकाच माईकचं तोंड मध्ये ठेवून चौघांना भोवती बसवलं की चौघंही लांबचे होतात. पण सगळे माईक सतत उघडे ठेवले तर एकाचं बोलणं दुसऱ्याच्या माईकमध्ये क्षणभर उशिरा पोहोचतं आणि मिसळल्यावर आवाज पोकळ लागतो. जुना नियम आहे: माईक तोंडापासून जेवढा लांब, त्याच्या निदान तिप्पट दोन माईकमधलं अंतर असावं. आणि संपादनात जो बोलत नाही त्याचा ट्रॅक खाली घ्यावा.

वेगळा रेकॉर्डर कधी वापरायचा? मग जुळवायचं कसं?

कॅमेऱ्याला माईकचा जॅक नसेल, माईक दोनपेक्षा जास्त असतील, किंवा कॅमेरा इतका लांब असेल की वायर नेणं शक्य नाही, तेव्हा. रेकॉर्डर बोलणाऱ्याच्या खिशातही बसतो.

जुळवणीसाठी शूटिंग सुरू झाल्यावर कॅमेऱ्यासमोर दिसेल अशी एक टाळी वाजवा. आवाजाच्या आलेखात तिचा सुळका उभा राहतो आणि चित्रात हात भिडताना दिसतात. दोन्ही एकावर एक आणले की झालं. आजची बरीच संपादनाची सॉफ्टवेअरं कॅमेऱ्याचा आवाज आणि रेकॉर्डरचा आवाज ताडून हे स्वतःच करतात, आणि कॅमेऱ्यातला माईक चालू ठेवायचा तो यासाठी. कॅमेरा लांब असेल तर थोडी दुरुस्ती हाताने करावी लागते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे दहा मीटरवर तो २९ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची, तेव्हा पाऊण फ्रेम तिथेच गेली.

लांब रेकॉर्डिंगमध्ये आणखी एक खोच असते. दोन यंत्रांची घड्याळं अगदी सारखी चालत नाहीत. दशलक्षात ५० भागांचा फरक असला तरी तासाभरात १८० मिलिसेकंद सरकतात, आणि ओठ-आवाज यांची फारकत सरळ दिसते. तासाभराचं भाषण असेल तर मध्ये-मध्ये कापून पुन्हा जुळवा, किंवा ट्रॅकचा वेग किंचित बदला. टाइमकोड, म्हणजे सगळ्या फाइलींवर एकाच घड्याळाची वेळ, नोंदवणारी छोटी यंत्रं तुकडे जागेवर बसवायला मदत करतात, पण घड्याळांचा हा फरक त्यांनी आपोआप जातोच असं नाही.

‘३२ बिट फ्लोट’ असेल तर गेन लावायची गरजच नाही, असं म्हणतात.

बरंचसं खरं आहे. अशा रेकॉर्डरमध्ये फाइल इतकी मोठी पट्टी सांभाळते की ० च्या वर गेलेला आवाजही नंतर खाली ओढता येतो. एकट्याने शूट करणाऱ्याला हा मोठा आधार. पण माईकची कॅप्सूलच जर आवाजाने कोंडली, किंवा साध्या वायरलेस संचात फाटूनच तो रेकॉर्डरपर्यंत आला, तर ३२ बिटही काही करू शकत नाही. लांब ठेवलेला माईक तर ३२ बिटमध्येही लांबच असतो.

फोन किंवा अ‍ॅक्शन कॅमेऱ्याला माईक लावता येतो का?

येतो. यूएसबी-सी भोक असलेल्या फोनना त्याच पिनेचे रिसीव्हर थेट लागतात. आयफोनला हे भोक २०२३ मधल्या १५ पासून आलं, त्याआधीच्यांना लाइटनिंगचा रिसीव्हर घ्यावा लागतो. मात्र कॅमेऱ्याचं अ‍ॅप बाहेरचा माईक खरोखर घेतंय का हे तपासा: माईकवर बोटाने हलकं घासा आणि रेकॉर्डिंग ऐका. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांना बहुधा कंपनीचा खास अडॅप्टर लागतो, आणि तो लावला की पाण्यापासूनचं संरक्षण जातं. संगणकाचे यूएसबी माईक मात्र बहुतेक व्हिडिओ कॅमेऱ्यांना चालत नाहीत.

कार्यक्रमात साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट आवाज घेतला तर?

उत्तम, पण त्याच्या आउटपुटची पातळी लाइन लेव्हल असते, माईकपेक्षा कितीतरी जोरदार. ती कॅमेऱ्याच्या माईक जॅकमध्ये सरळ घातली तर सगळं फाटून येतं. कॅमेऱ्यात ‘लाइन’ हा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर मध्ये सिग्नल कमी करणारी, अटेन्युएटरची वायर लावा. आणि मिक्सरमध्ये फक्त तेवढंच येतं ज्याला माईक लावलाय. मोठ्याने वाजणारा ढोल, प्रेक्षकांच्या टाळ्या, हशा तिथे नसतात. त्यासाठी सभागृहात वेगळा माईक ठेवा, नाहीतर व्हिडिओत वक्ता रिकाम्या खोलीत विनोद करतोय असं वाटेल.

खोलीच घुमते. माईक बदलून फायदा होईल?

माईक जवळ आणून होईल, बदलून फार नाही. जाड पडदे, गाद्या, भरलेलं पुस्तकांचं कपाट, फ्रेमबाहेर जमिनीवर अंथरलेलं ब्लँकेट याने बराच फरक पडतो. भिंतीवर चिकटवायचे पातळ फोमचे तुकडे फक्त वरची पट्टी शोषतात, खालची घुमघुम तशीच राहते. माणसाला खोलीच्या अगदी मध्यावर किंवा कोपऱ्यात बसवू नका. निघण्याआधी सगळ्यांना गप्प करून त्या खोलीची अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा. संपादनात वाक्यांमधल्या फटी भरायला ती लागते, आणि कोरी शांतता घातली तर कानाला खड्डा जाणवतो.

शूट होऊन गेलं आहे आणि आवाज खराब आहे. आता काही होईल?

सारखा चालू असलेला आवाज, म्हणजे पंखा, सूं-सूं, ५० किंवा ६० हर्ट्झची विजेची गुणगुण, सॉफ्टवेअरने बराच कमी होतो. घुमणं काढणारी साधनंही आता चांगली झाली आहेत. पण एका दमात सगळं साफ करायला गेलात तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा, धातूचा होतो. निम्मं कमी करा आणि थांबा. थोडा पंखा ऐकू आला तरी माणसाचा आवाज माणसाचा राहू द्या. वारा, फाटलेला आवाज आणि कापडाची खरखर यांवर फारसा इलाज नाही. तिथे तेवढी वाक्यं त्याच माणसाकडून त्याच माईकवर पुन्हा म्हणून घ्या आणि ती चालू असताना पडद्यावर दुसरं काही दाखवा. फोनवर बोलावून घेतलेला आवाज चालेल असं वाटतं, पण शेजारच्या वाक्याशी तो जुळत नाही. त्यापेक्षा मजकूर पडद्यावर लिहून दिलेला बरा.